आबांची मारकी म्हैस

"पोरीऽऽ! ए पोरीऽऽ! पोट साफ झालं का न्हाय?"

गल्लीतल्या चुली अजून नीट पेटलेल्या नसायच्या, आणि खालच्या परड्यातून ही आरोळी उठायची. आधी आमच्या माडीच्या फळ्या थरथरत, मग मांडणीवरचे पेले एकमेकांना धडका देत, मग कौलांवरची कबुतरं घरदार सोडून निघून जात. सगळ्यात शेवटी मी पांघरुणात तोंड खुपसून देवाला सांगे, बाबा रे, आजच्या आज मला उचल. आणि मला उचलणं जमत नसेल तर निदान खालच्या म्हाताऱ्याला उचल.

आई खिडकीशी धावायची. "झालं, आबा. हळू बोला."

"आँ?"

"झालं म्हटलं!"

"कुणाचं? तुझं का पोरीचं?"

तोवर समोरच्या गॅलरीत राखुंडीनं दात घासणारे, नळावर घागरी लावून उभ्या असलेल्या बायका, दूध घालायला निघालेला गवळी असे सगळे आमच्या उत्तराकडे कान लावून उभे. पेठेत वर्तमानपत्र घेणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. माझ्या पोटाची बातमी मात्र फुकट मिळायची आणि रोज ताजी असायची.

आबा आमचे घरमालक. खाली ते आणि त्यांची म्हैस, वर माडीवर आम्ही तिघं. पेठ त्यांना वस्ताद म्हणे. तरुणपणी त्यांनी म्हणे एवढी मैदानं मारली होती की हरलेल्यांची एक वेगळी पेठ वसवता आली असती. त्या मैदानांची खूण म्हणजे त्यांचे दोन कान. कुस्तीत घासून, मोडून, सुजून त्यांच्या अशा काही गाठी झाल्या होत्या की तेलात पडल्यावर फुगायचं विसरलेल्या दोन पुऱ्या कुणी डोक्याला चिकटवल्यात असं वाटे. त्या कानांनी ऐकू कमी यायचं, आणि ज्याला स्वतःला कमी ऐकू येतं त्याला सगळं जगच बहिरं वाटतं. आबांना हळू बोलताच येत नसे. एकदा त्यांना शिंक आली तेव्हा रंकाळ्यावर धुणं वाळत घातलेल्या बायकांनी गडगडलं म्हणून कपडे गोळा केले. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ज्यानं पाहिलं त्याची शपथ मी ऐकली आहे. आणि संध्याकाळी ते म्हशीला हाक मारत तेव्हा पन्हाळ्यावरच्या म्हशी मान वर करून "ओ" देत, हे तर पन्हाळ्याचे लोकच सांगतील.

रस्त्यानं ते मधोमध चालत. टांगेवाले त्यांना वळसा घालून जात. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि मुंबईकडच्या साहेबांच्या मोटारी दिसू लागल्या होत्या. एकदा तसली एक मोटार मागून भोंगा वाजवायला लागली, तर आबा तिच्याकडे वळले आणि भोंग्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "आलो न्हवं मी फुडं? मग ये की मागनं!" ती मोटार जुन्या राजवाड्यापर्यंत त्यांच्या मागून, लग्नाच्या वरातीसारखी गेली.

पण त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा बायकांच्या बाबतीत. मारुतीला साक्ष ठेवून ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेलं, ते सत्तरीतही चालू. बाईमाणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, असा नेम. मग बोलायचं कसं? तर म्हशीमार्फत. आई खाली पाणी भरायला गेली की आबा म्हशीच्या डोळ्यांत बघून ओरडत, "काय गं, आज कारकूनसाहेब हापिसात गेलं न्हाईत?" नवीन आलेल्या माणसाला वाटे, म्हशीचा नवरा कचेरीत कामाला आहे. आई दोन वर्षांत इतकी सरावली होती की तीही म्हशीच्याच बाजूनं उत्तर देई. मी मात्र पोर. माझ्याकडे ते उघड्या डोळ्यांनी, भुवया वर करून, खदाखदा हसत बघत. त्या जगात आबांनी जिच्याकडे सरळ पाहिलं अशी स्त्रीजातीतली मी आणि म्हैस अशा दोघीच होतो.

म्हैस गरीब होती. इतकी गरीब की कावळे तिच्या पाठीवर बसून भांडत आणि ती हलायची नाही, त्यांचं भांडण मोडेल म्हणून. असं असताना एक दिवस आबांनी अख्ख्या गल्लीला दवंडी दिली, "गोठ्यामागं कुनी जायाचं न्हाय! म्हस मारकी झालीया! परवा एकाची बरगडी मोडली तिनं!" कुणाची बरगडी ते कुणाला कधी कळलं नाही. पण वस्ताद बरगडीबद्दल बोलतात तेव्हा त्यांना विषयातलं कळतं, असं धरून गल्लीतली पोरं, गोवऱ्या थापणारी बाई आणि वाट चुकलेली कुत्रीसुद्धा तिकडं फिरकेनाशी झाली. आबा वेडे, त्यांची म्हैस वेडी, एवढंच मी त्यातून घेतलं. मला तेव्हा दुसऱ्याचं वेड तपासायला सवड नव्हती. मला माझं तोंड होतं.

अकरावं सरत आलं होतं, बारावं अजून लागायचं होतं आणि माझ्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर पुटकुळ्यांनी बाजार मांडला. रविवारच्या बाजारात एवढी गर्दी नसेल. एक बसली की तिच्या जागेवर दोन उठत, आणि उठताना नातेवाईक घेऊन येत. नाकाच्या शेंड्यावरची एक तर अशी तेजस्वी होती की दिवे गेले तर आईनं तिच्या उजेडात सुईत दोरा ओवला असता.

हसा. मीही आता हसते. तेव्हा मी भिंतीला घासून चालायची. भिंतीकडे एक गाल लपतो ना. त्या वर्षी माझ्या सगळ्या पोलक्यांचा उजवा खांदा चुन्यानं पांढरा झाला होता. शाळेत पाटी तोंडासमोर धरून बसायची, आणि बाईंनी पाटी खाली ठेव म्हटलं की खोकला काढायची, म्हणजे हात तोंडावर जातो. पंचमीला गल्लीत झिम्मा रंगला तेव्हा माझ्यासमोर टाळी द्यायला उभ्या राहिलेल्या मुलीनं विचारलं, "हे लागतं का गं?" आणि उत्तर यायच्या आत हात मागे घेतला. मी घरी आले. आईला सांगितलं, पाय मुरगळला.

आईनं काय नाही केलं! डाळीचं पीठ झालं, दुधात जायफळ झालं, चंदन झालं, पन्हाळ्याच्या रानातून सावरीचे काटे आणवून ते दुधात उगाळून झाले. रात्री मी आडवी होई तेव्हा माझ्या तोंडावर एक अख्खं स्वयंपाकघर असे. मुंग्या येत. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी चष्म्यावरून बघून सांगितलं, "आपोआप जातील." आई दार ओढून घेताना म्हणाली, "आपोआप जाणार तर हे कशाला बसलेत खुर्चीत?"

मग आबांनी केस हातात घेतली. हातात घेतली म्हणजे गल्लीच्या मधोमध ठेवली.

"पोट!" ते गरजले. "समदं पोटातनं येतंय!" आणि तेव्हापासून ती रोजची सकाळची आरोळी. दुसरा हुकूम निघाला, तोंडाला काही लावायचं नाही, गार पाण्यानं दोनदा धुवायचं, बास. तिसरा, हात लावायचा नाही. "पुटकुळीला हात लावला की तिला वाटतंय कुस्तीला बोलावलं. मग ती शड्डू ठोकून उठती." हे मला पटलं होतं, कारण मी बोलावलेल्या सगळ्याच कुस्त्या हरले होते.

चौथा हुकूम मात्र बोलून झाला नाही. एक दिवस जिना कडाकडा वाजला, आबा वर आले, आईकडे पाठ करून भिंतीवरचा आमचा एकुलता एक आरसा खिळ्यासकट उपटला आणि निघून गेले. खाली जाऊन पाहते तो आरसा गोठ्यात, म्हशीच्या तोंडाशेजारी टांगलेला.

"ज्याला तोंड बघायचं त्यानं हितं येऊन बघावं," आबा म्हणाले. "म्हशीबरोबर बघितलं की कुनाचंबी बरंच दिसतंय."

त्या दिवसापासून माझे वडील, सरकारी कचेरीतले कारकून, रोज सकाळी गळ्यात पंचा अडकवून, एका हातात वाटी, एका हातात वस्तरा घेऊन गोठ्यात दाढीला उभे राहू लागले. म्हैस त्यांच्या गालाचा साबण चाटायची. वडील तक्रार करायला म्हणून तोंड उघडत आणि साबण आत जाई. आई कुंकू अंदाजानं लावू लागली. चार दिवस ते डाव्या भुवईवर होतं आणि हळदीकुंकवाला गेलेल्या बायका त्याला नवी पद्धत समजल्या. मला मात्र दिवसातून वीस वेळा आरशापुढं जायची सवय होती, ती सुटली. म्हशीसमोर रडता येत नाही. ती आपल्याकडे इतक्या समजुतीनं बघते की आपलंच आपल्याला कसंतरी होतं.

"तोंड ही दाखवायची वस्तू न्हाय," आबा सांगत. "वापरायची हाय. जेवायचं, बोलायचं, हसायचं. दाखवायला काय, घड्याळ हाय का ते?"

चुका त्यांच्याही होत. एकदा ते तालमीच्या हौदातली तांबडी माती कांबळ्यात बांधून घेऊन आले. त्या मातीत हळद असते, लिंबू असतं, ताक असतं, कापूर असतो. पैलवानांच्या जखमा तिच्यात लोळून भरतात. आबांनी स्वतःचाच नियम मोडून ती माझ्या तोंडाला थापायला आईला, म्हणजे म्हशीला, सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझं तोंड फणसासारखं. वरून काटे, आतून गरम. आबांनी गोठ्याच्या दारातून ते पाहिलं आणि आयुष्यातला पहिला कबुलीजबाब पेठेला ऐकू जाईल असा दिला, "त्यात डबाभर तेल असतंय, इसरलो की!"

तरी मी त्यांच्यावर रागावले नाही. माझ्याकडे न कचरता बघणारा तो एकच माणूस होता. आई बघायची ती औषध कुठं लावायचं ते शोधत. वडील बघायचे ते खिडकीतून बाहेर. आबा मात्र सरळ बघायचे, एखादा पैलवान दुसऱ्याची ताकद जोखतो तसे, आणि म्हणायचे, "बरी हायस. गेल्या आठवड्यापरास बरी हायस." खोटं असायचं. पण ते खोटं मला रोज लागायचं.

आणि मग तेही बघेनासे झाले.

पावसाळा सरत आलेला. मी दुधाचं भांडं घेऊन खाली गेले, तर आबा म्हशीकडे तोंड करून म्हणाले, "आज जरा जास्त पाजा तिला." मला वाटलं, आई मागे उभी असेल. मागे कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, तर म्हातारा म्हशीच्या शिंगांत काहीतरी हरवल्यासारखा बघत बसला. सकाळची आरोळी चालूच होती, पोटाची चौकशी चालूच होती. फक्त नजर गेली होती. मी जिना चढून वर आले ती थेट पाण्याच्या बंबाच्या मागे जाऊन बसले. ज्या माणसानं भल्याभल्यांची थोबाडं मातीत घासली, त्यालाही माझं तोंड बघवेना. याच्यापुढं डॉक्टर, सावरीचे काटे आणि देव यांना काय विचारायचं राहिलं?

आता मधली एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला आजही आवाज खाली घ्यावासा वाटतो, आणि माझा आवाज खाली येत नाही हे ज्यांनी मला ऐकलंय त्यांना माहीत आहे.

त्याच पावसाळ्यात मी शहाणी झाले. आमच्या आईनं मला न्हाणीघरात घेतलं, दार लावलं आणि सांगितलं, "बाहेर बसायचं नाही. नेहमीसारखं पाणी भर, नेहमीसारखं शाळेत जा. यांनाही कळता कामा नये. पाप लागायचं ते मला लागू दे."

कारण मलकापूरला माझी आत्या होती. वडिलांची थोरली बहीण. तिच्यापुढं वडील उभे राहिले तरी बसल्यासारखे दिसत. दरवेळी जाताना ती उंबऱ्यात थांबून म्हणे, "पोर शहाणी झाली की निरोप धाड. मुलगा तयार आहे." मुलगा म्हणजे तिच्या सासरचा, किराणा दुकानात बसणारा, मिशा असलेला एक गृहस्थ. निरोप गेला की शाळा बंद, बोलणी सुरू. आईला चौथीतून काढलं होतं ते असंच. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. फक्त माझी पाटी रोज तीच पुसून द्यायची.

म्हणून कपडे वाळायचे गोठ्यामागं, जिथं ऊन कमी आणि डोळे त्याहून कमी. म्हणून मी देवाला शिवायची, आणि शिवताना समईची ज्योत जरा जरी हलली तरी मी हात मागे घ्यायची. आईनं सगळी दारं बंद ठेवली होती. उघडं होतं ते माझं तोंड, आणि ते लाल अक्षरात चुगली करत होतं.

नवरात्र आलं. समोरच्या काकू दर अष्टमीला कुमारिका जेवायला घालत आणि लहानपणापासून त्यांच्या पाटावर माझी जागा ठरलेली. त्या आवतण द्यायला आल्या, आईला कुंकू लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या मायेनं बोलल्या की ती माया माझ्या अंगावर खाजकुयलीसारखी पसरली.

"हिला यंदा नको हं. वाईट वाटून घेऊ नकोस. पण हिचं तोंडच सांगतंय की सगळं."

वडील कोपऱ्यात पंचांग बघत होते. त्यांनी मान वर केली. "काय सांगतंय?"

"पित्त," आई म्हणाली. तिच्या हातातली हळदीची वाटी लवंडली.

वडील माझ्याकडे बघत राहिले. खिडकीतून नाही, माझ्याकडे. "ताई येतीय दसऱ्याला," ते सावकाश म्हणाले. "तिला विचारू."

सकाळी दूध आणायला मी खाली गेले. आबा म्हशीला म्हणाले, "काय गं, समोरनं आवतण आलं का न्हाय?"

"नाही," मी म्हटलं.

"का?"

मी भांडं पुढं केलं. आबांनी धार थांबवली. फेटा बांधला. मला वाटलं, चालले तालमीला. पण त्यांनी म्हैस सोडली, दावं हातात घेतलं आणि ते दोघं गल्लीत उतरले. बाईमाणसाशी बोलायचं होतं. म्हशीशिवाय कसं बोलणार?

"ओ काकूऽऽ!" ते म्हशीच्या कानात गरजले. कबुतरं निघून गेली. "आमच्या पोरीला का वो वगळलंसा?"

काकू गॅलरीत आल्या. मारकी म्हैस गल्लीत बघून पोरं ओट्यांवर चढली. म्हैस काकूंच्या दारातली रांगोळी चाटू लागली.

"वस्ताद, अहो हळू! बायकांची गोष्ट आहे ही."

"म्हनूनच म्हशीला आणलंय! तिला सांगा, मी ऐकत न्हाय!"

"आता काय सांगायचं उघड… तोंड बघा ना तिचं. मोठी झाली ती."

"पुटकुळ्या आल्या म्हंजी शहाणी झाली?" आबांचा आवाज आता मुरगूडपर्यंत गेला असावा. "मग माझ्या तालमीतली समदी पोरं शहाणी झाली की वो! एकेकाचं थोबाड बघा जावा! समद्यांना मखरात बसवता का? व्हय? नारळ मी आणतो, वट्या तुमी भरा!"

गल्ली फुटली. नळावरच्या बायका घागरी खाली ठेवून पोट धरून बसल्या. गवळ्याचं दूध सांडलं. मी जिन्याखाली भिंतीला गाल लावून उभी होते, आणि ती भिंत मला आत घेईल तर बरं, असं वाटत होतं. माझ्या शरीराची ती गोष्ट, जी आईनं न्हाणीघराचं दार लावून मला सांगितली होती, ती म्हशीच्या कानातून अख्ख्या पेठेत चालली होती. आणि तीही उलटी, खोटी.

"पोर हाय ती, पोर!" आबा म्हणाले. "ज्या दिवशी शहाणी हुईल त्या दिवशी मी हितनंच वरडून सांगतो समद्या पेठंला! तवर कुनी बोलायचं न्हाय!"

आणि यावर मात्र कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलं. ज्या माणसाच्या तोंडात माझी सकाळची परसाकडची खबरही राहत नाही, त्याच्या तोंडात एवढी मोठी गोष्ट राहील कशी? झाली असती तर त्यानं सांगितलीच असती.

"तुमी नगा बलवू," जाता जाता ते म्हशीला म्हणाले. "मी बसवतो तिला. तालमीत."

तालमीत बाईमाणूस जात नाही. हौदाच्या मातीवर तिची सावलीही नको. अष्टमीला आबा मला घेऊन दारात पोचले तेव्हा दोन दांडगे पैलवान आडवे आले. "वस्ताद, बाई आत?"

"बाई कुठं हाय?" आबांनी मागे, पुढे, छताकडे पाहिलं. माझ्याकडे सोडून सगळीकडे. "कुमारिका हाय. देवी. देवीला मारुतीच्या दारात आडवतोस? जोर काढ. तिथंच. आत्ता."

तो जोर काढू लागला. आम्ही आत गेलो. वडील मागून आले होते, टोपी सारखी करत. आई दाराबाहेर थांबली. मला हौदाच्या कडेला पाटावर बसवलं. समोर मारुती. वर्षानुवर्षांच्या शेंदराचे थर चढून त्याचं तोंड फुगलेलं, गाठीगाठींचं, लालबुंद. मी त्याच्याकडे बघितलं आणि तो माझ्याकडे. मला खात्री होती, की हा बालब्रह्मचारी आता गदा उचलणार. इतरांना फसवता येतं. याला ठाऊक होतं. उठावं, सांगून टाकावं, आणि मलकापूरला जाऊन किराण्याच्या पुड्या बांधाव्यात.

आबा खाली बसले. त्या देहाला खाली बसायला वेळ लागला. एकेक सांधा वाजत गेला, जुनं गाठोडं सोडल्यासारखा. त्यांनी म्हशीच्या दुधानं माझे पाय धुतले, हळद लावली, आणि कपाळ माझ्या पावलांवर टेकवलं. मोडलेला कान माझ्या घोट्याला लागला. तो दगडासारखा होता, गार. "आई," ते मारुतीला दचकवत ओरडले, "ह्या रेड्यांना अक्कल दे!"

मग रेडे रांगेनं आले. वाकले. आणि मी पहिल्यांदा मान वर करून बघितलं, कारण सगळ्यांची खाली होती. तेल नि घाम मुरलेल्या त्या पाठींवर, मानांवर, गालांवर पुटकुळ्याच पुटकुळ्या. काहींच्या माझ्याहून मोठ्या. एकाच्या नाकाच्या शेंड्यावर तर माझ्या नाकावरचीची सख्खी बहीण. तो तिच्यासकट माझ्या पायाला लागला आणि हसत हसत उठून गेला.

आबा मात्र उठल्यावरही बघत होते ते माझ्या पायांकडे. तोंडाकडे एकदाही नाही. देवी झाले तरी नाही. घरी येताना मला त्याचीच लाज सगळ्यात जास्त टोचत होती.

दसऱ्याला आत्या आली. उंबऱ्यातच तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "अगं बाई," ती म्हणाली.

"ताई," वडील म्हणाले. ते उभे होते आणि पहिल्यांदाच उभ्यासारखे दिसत होते. "अष्टमीला तालमीत कुमारिका म्हणून पूजा झाली हिची. वस्तादांनी स्वतः पाय धुतले. मारुतीसमोर. सगळ्या पेठेला विचार."

आत्यानं हनुवटी सोडली. "मग राहू दे अजून," ती म्हणाली, आणि सोनं वाटून मलकापूरला गेली. पुढं ती दरवर्षी विचारत राहिली, आणि आई दरवर्षी हळद सांडत राहिली, तोवर माझी मॅट्रिक झाली. पुटकुळ्या? त्या मध्येच कधीतरी डॉक्टर म्हणाले तशा आपोआप गेल्या. आईनं डॉक्टरांना त्याचं श्रेय शेवटपर्यंत दिलं नाही.

पण हे पुढचं. दसरा झाला त्याच आठवड्यात आई तापानं पडली, आणि गोठ्यामागचे कपडे आणायला तिनं पहिल्यांदा मला पाठवलं. एरवी तिकडं तीच जायची. पुढून म्हैस नेहमीचीच होती, पण मागं जाणाऱ्याची बरगडी मोडते म्हणून मी भीत भीत तिच्या बाजूनं सरकले. तिनं मान वळवली. मी बरगड्या आवळल्या. तिनं माझा हात चाटला आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

गोठ्यामागं नवी दोरी ताणलेली होती. खुंट्या ठोकलेल्या इतक्या उंच की आईचा हात तिथं पोचलाच नसता, आणि दोरी मात्र तिच्या हाताला येईल इतकी खाली ओढून घेतलेली. आणि दोरीच्या पुढं, परड्याकडून काही दिसू नये म्हणून, सरकीच्या पेंडीची पोती फाडून, शिवून केलेला पडदा. गाठी पैलवानी. तसल्या गाठी मी फक्त लंगोटाच्या पट्ट्यांना पाहिल्या होत्या.

मी तिथं उभी राहिले आणि मागचा हिशोब आपोआप लागत गेला. ज्या आठवड्यात म्हैस मारकी झाली, त्याच आठवड्यापासून आबांनी माझ्या तोंडाकडे बघायचं सोडलं होतं.

कपडे परकराच्या ओच्यात घेऊन मी पुढं आले. आबा गव्हाणीत वैरण टाकत होते. माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान म्हशीकडे फिरवली.

"आबा," मी म्हटलं. हळूच म्हटलं, माझं मलाच ऐकू येईल एवढं. "म्हैस कुणाला मारत नाही."

त्यांनी "आँ?" केलं नाही. हातातली पेंढी मोडली, अर्धी इकडं टाकली, अर्धी तिकडं. मग म्हशीकडेच बघत, गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"न्हाय मारत."